येडबाचा पाय आणि नर्मदाबाईचा पाला

नर्मदाबाई सकाळी शेणाचे हात धुऊन वळली, तर ओसरीवर पुन्हा चौघं बसलेली. एकीचा गुडघा धरलेला, एकाचे केस गळायलेले, एका म्हाताऱ्याला मुतखडा, आणि चौथा नुसताच आलेला, काय चाललंय ते बघायला. त्या सगळ्यांच्या मधोमध बाजेवर तिचा नवरा येडबा. पाय लांब केलेला, पायाला हिरवे डाग पडलेली चिंधी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"हा बगा ना माझा पाय! कातर पडली थेट आंगठ्यावर. दुसरा असता तर बोंबलत परभणीला गेला असता. आपल्याला काय गरज? आपल्या घरातच दवाखाना हाय."

नर्मदाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. घरातला दवाखाना म्हणे! कातर पडून महिना होत आला, जखम भरायचं नाव घेईना, उलट काळी पडायली, आणि हा गडी आल्यागेल्याला पाय दाखवत सुटलाय, जसं काही बाशिंग बांधलंय पायाला.

येडबा हे नाव त्याच्या आईनं मुद्दाम ठेवलेलं. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून ह्याचं नाव असं ठेवलं की कुणाची नजर लागू नये. नजर लागली नाही हे खरं. पण नर्मदाबाईचं म्हणणं असं, की पोरानं ते नाव जरा जास्तच मनावर घेतलं.

गाव जिंतूरच्या वरच्या अंगाला, माळावरचं. माती कमी, दगड लय, म्हणून घरोघर मेंढरं. आणि मेंढरं पाळणाऱ्या घरात दर कातरणीला रक्त निघणारच. मेंढी काय गपगुमान बसून लोकर देती व्हय? ती तडफडते, कातर सरकते, कातडं चिरतं. अशा वेळी बांधावरचा दगडीपाला तोडायचा, तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस त्या चिरेत पिळायचा. मेंढी एकदा अंग झाडते, आणि रक्त थांबतं. खुरपं लागलं, विळा लागला, सोयाबीन काढताना बोट कापलं, तरी हाच पाला. नर्मदाबाईची सून दैवशाला खोबरेल तेलात त्याचा रस कढवून केसाला लावते. बास, एवढेच त्याचे उपयोग त्या घराला माहीत.

हा दगडीपाला म्हणजे काही हिमालयातून आणलेली जडीबुटी नाही. भुईला चिकटून पसरलेली खरखरीत, दातेरी पानं, मधूनच वर आलेली एक लांब उघडी दांडी, आणि तिच्या टोकाला टिकलीएवढं पिवळं फूल, कडेनं पांढुरक्या पाकळ्या. बांधावर, रस्त्याच्या कडेला, एसटीच्या थांब्यामागं, कुठं नाही तो? शेळ्या खातात. शेंबडं पोरसुद्धा नाव सांगेल.

पण नर्मदाबाईच्या घरात ते नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. ही सासूची ताकीद. सासूच्या हाताला गुण होता अशी आसपासच्या गावांत ख्याती. तो गुण तिनं सुनेला दिला तोही कातरणीच्याच दिवशी, मेंढी गुडघ्याखाली दाबून धरलेली असताना, घाईघाईत. पाला मुक्यानं तोडायचा, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि पाल्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की हाताचा गुण गेला, तो परत यायचा नाही. नर्मदाबाई तेव्हा नवी नवरी. "पण आत्याबाई, नाव तर समद्यांलाच ठाव हाय की," असं ती बोलून गेली, आणि सासूनं मेंढी सोडून तिच्याकडं असं काही बघितलं, की पुढं उभ्या जन्मात तिनं ते नाव घेतलं नाही. 'आपला पाला' म्हणायचं. गावही तसंच पक्कं. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे ठाऊक नसल्यासारखे.

एवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या पावसाळ्यात अण्णासाहेब गुरुजींनी घोळ घातला. गुरुजी निवृत्त झालेले, वेळ जाता जात नव्हता, आणि लेकानं मोठा मोबाईल घेऊन दिलेला. एका मजुराचं बोट कापलं, नर्मदाबाईनं रक्त थांबवलं, त्याचा गुरुजींनी व्हिडिओ काढला. इथपर्यंत ठीक होतं. पण त्याच्याखाली त्यांनी आपल्या मनानं लिहून दिलं, की मधुमेह, मुतखडा, गुडघेदुखी, केसगळती, सगळ्यावर रामबाण.

"हे तुमी कुठून आणलं, गुर्जी?"

"इंटरनेटवर आहे सगळं, नर्मदाबाई."

"मंग त्या इंटरनेटालाच पाला मागा म्हणावं लोकांला!"

पण लोक नर्मदाबाईलाच मागायला आले. जिंतूरहून आले, पालमहून आले, पूर्णेहून दोन एसट्या बदलून आले. नाही म्हणायची सोय नाही. ती बिचारी घसा कोरडा करून सांगायची, की बाबा, हे चिरल्या-कापल्याचं हाय, तुज्या गुडघ्याचं न्हाई. लोक हसून म्हणायचे, मावशी किती साध्या हायेत बघा, आपला गुण आपल्या तोंडानं सांगत न्हाईत. काय करावं अशांना? डोक्याचं पार दही. वर गुरुजी दर आठवड्याला मोबाईल घेऊन हजर. "तुमच्या तोंडून नाव आलं पाहिजे, नर्मदाबाई. मी सांगितलं तर त्याला वजन नाही." ती त्यांना चहा पाजायची आणि रिकाम्या हातानं वाटेला लावायची.

आणि हा सगळा तमाशा ज्यानं खरा मानला, तो येडबा. ग्रामपंचायतीत तपासणीचं शिबिर झालं तेव्हा त्याला साखर निघालेली. गोळ्या दिल्या होत्या. दोन दिवस खाल्ल्या आणि "तोंड कडू पडायलंय" म्हणून सोडल्या. व्हिडिओ आल्यापासून तर रोज सकाळी पाल्याची चार पानं चावायची आणि वर कपभर गोडमिट्ट चहा प्यायचा. नर्मदाबाईनं साखरेचा डबा लपवला तर हा शेजारी जाऊन चहा पिऊन यायचा. दिवाळीनंतरच्या कातरणीत त्याच्या हातून कातर निसटून पायावर पडली, तेव्हा पहिल्या दिवशी तिनंच पाला बांधला. रक्त लगेच थांबलं. त्याच्यापुढं काही होईना.

"दुखायलंय का?" ती रोज विचारायची.

"अजाबात न्हाई! दुखंना म्हंजेच गुण आलाय."

एका सकाळी हा बाजेवर बसून कुणाचा तरी मोबाईल बघत होता. चिंधी सोडताना नर्मदाबाईला बाभळीचा काटा दिसला भुईवर. तिनं तो उचलला आणि त्याच्या आंगठ्याला हळूच टोचला. मग जरा जोरात टोचला. रक्ताचा थेंब आला. येडबा मोबाईलकडं बघून हसतच होता.

मेंढीचा खूर सडला की मेंढी लंगडते तरी. हा माणूस लंगडतसुद्धा नव्हता. आणि चिंधीला जो वास येत होता तो तिच्या चांगला ओळखीचा. किडे पडलेल्या मेंढीपाशी येतो तसा. पाय हातचा चाललाय, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं.

"उद्या परभणीला जायचं," ती म्हणाली.

"कशाला?"

"पाय दाखवायला."

"नर्मदाबाईचा दादला दवाखान्याच्या रांगेत? आगं, लोक तोंडात शेण घालतील तुज्या. आपल्या नवऱ्याला गुण येईना अन् निघाली दुसऱ्यांला पाला द्यायला, म्हणतील. तुज्या इज्जतीसाठी म्हणायलोय म्या."

आणि गंमत अशी, की तो खरंच तिच्याचसाठी म्हणत होता. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. गावात त्याला कुणी 'बस' म्हणत नव्हतं. आता लांबलांबची माणसं येऊन विचारायची, नर्मदाबाईचं घर कोणतं, आणि हा छाती काढून म्हणायचा, या, म्या तिचा मालक. त्याला तिचा एवढा अभिमान, की त्यापायी पाय गेला तरी चालेल! असल्या माणसाला मारावं का मिठी मारावी, नर्मदाबाईला कळेना. मारावंसं जास्त वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाला द्यायचं नाकारलं. तर ह्यानं ओसरीवरच्या लोकांसमोर हात पुढं केला. "मागायला आलेल्याला न्हाई म्हणायचं न्हाई. माझ्या मायचा सबद हाय." चार माणसं तिच्याकडं बघायला लागली. ती दातओठ खात उठली, मुक्यानं पाला तोडून आणला आणि त्याच्या पायाला बांधला. स्वतःच्याच आईच्या नावानं बायकोला अडकवायचं, एवढी अक्कल मात्र ह्याला बरोब्बर होती.

लेक रामप्रसाद बापाच्या पाया पडला. बापानं त्यालाच झापलं. मग दैवशालानं कुणाला न विचारता सरळ ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी दारात आली. येडबा उठून सामोरा गेला. ड्रायव्हरला बसवलं, चहा पाजला, इथं पेशंटच न्हाई म्हणून सांगितलं, आणि त्याच्या बोटाला नखुरडं झालेलं बघून नर्मदाबाईला म्हणाला, "बांध गं साहेबाला आपला पाला." गाडी रिकामी परत गेली. नर्मदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर दोनेक दिवसांची गोष्ट. ती बांधावर पाला तोडायला गेलेली, तोंड मिटून. मागून दैवशाला पळत आली.

"आत्याबाई! आवं आत्याबाई! मामांच्या आंगठ्याचं नख चिंधीसंगं निघून आलं! त्यांला कळलंबी न्हाई! थंडी वाजून ताप भरलाय!"

नर्मदाबाईच्या हातात पाला, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ती तशीच उभी राहिली. सून पुढ्यात रडायलीय, नवऱ्याचा पाय सडायलाय, आणि ही मुकी बाहुली होऊन बांधावर उभी! कशासाठी? शेळ्यासुद्धा खातात त्या पाल्यासाठी? तिला सासू आठवली, तिची ती नजर आठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"ओऽऽ!" ती ओरडली. एवढ्या जोरात, की दैवशाला दचकून मागं सरली.

हातातला पाला तिनं तिथंच टाकला आणि तरातरा घरी आली. ओसरीवर तीन-चार माणसं होतीच. येडबा घोंगडी पांघरून, तापानं डोळे लाल झालेले, तरी कुणाला तरी पाय दाखवतच होता. आणि अण्णासाहेब गुरुजी नेमके तेव्हाच चप्पल काढत होते.

"गुर्जी, मोबाईल काढा."

"आज काय विषय, नर्मदाबाई?"

"नाव."

येडबा घोंगडीतून ताडकन उठून बसला. "ए! नर्मदे! डोस्कं फिरलं का तुजं?"

"चालू झाला का, गुर्जी?"

"झाला," गुरुजी म्हणाले.

नर्मदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. हे एकदा बोललं की परत घेता येणार नव्हतं, आणि त्यावर तिचा विश्वास नव्हता असं मुळीच नाही. चाळीस वर्षं ज्या हातानं रक्त थांबवलं तो हात ती आता आपण होऊन रिकामा करत होती. मग तिनं येडबाच्या पायाकडं बघितलं.

"दगडीपाला," ती म्हणाली. आणि मग घसा खरवडून, "दगडीपाला! दगडीपाला म्हणत्यात त्याला. तुमच्या बांधावरबी हाय. चिरलं, कापलं तर रक्त थांबतंय. त्याच्यापुढं काईबी न्हाई! साखर जात न्हाई, खडा जात न्हाई, गुडघा जात न्हाई, अन् सडलेला पाय तर मुळीच भरत न्हाई. म्या नाव घेतलंय. आता माझ्या हातात गुण न्हाई. समदे आपापल्या घरी जावा."

गुडघेवाली बाई कण्हत उठली आणि चप्पल शोधायला लागली. येडबाचं तोंड पांढरं पडलं होतं.

"माझ्या मायचं समदं वाटोळं केलंस," तो म्हणाला. आवाज लेकरासारखा झालेला.

"केलं. आता घरात दवाखाना न्हाई. परभणीला हाय. उठा."

तो उठला. करणार काय? ज्याच्या जोरावर बसला होता तेच संपलं होतं. गुरुजींनी आपली जुनी गाडी काढली आणि परभणीची वाट धरली.

परभणीला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, साखर बघितली, आणि सांगितलं की आंगठा काढावा लागेल, पाय राहील. अजून आठवडाभर घरी काढला असता तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं. नर्मदाबाईनं भिंतीला टेकून खाली बसकण मारली आणि पदरात तोंड घालून रडून घेतलं. मग उठून चहा आणायला गेली. बिनसाखरेचा.

पाय राहिला. पण येडबानं बोलणं टाकलं. नर्सशी बोलायचा, शेजारच्या पेशंटशी बोलायचा, झाडणाऱ्या बाईला मेंढरांच्या जाती समजावून सांगायचा, आणि बायको आली की भिंतीकडं तोंड. घरी आल्यावर तेच. दोन खोल्यांचं घर, ती समोर बसलेली, आणि हा म्हणायचा, "दैवशाला, तिला सांग, भाकर वाढ म्हणावं." दैवशाला हसू दाबत सांगायची, "आत्याबाई, मामा भाकर मागायलेत." गोळ्या मात्र वेळेवर घ्यायचा, फक्त सुनेच्या हातून. नर्मदाबाई मनात म्हणायची, बोलू नका, पण चाला. चालताय ना, मंग बास. असं म्हणायची, पण आतून तुटायची. भांडला असता तरी चाललं असतं.

गुरुजींनी मधुमेहाचा तो जुना व्हिडिओ आपण होऊन काढून टाकला आणि नावाचा नवा चढवला. ओसरी ओस पडली. चार दिवस नर्मदाबाईला सुटल्यासारखं वाटलं, सकाळचा चहा शांतपणे पिता येऊ लागला. पण एक दिवस दैवशालाचं बोट विळ्यानं कापलं, तेव्हा नर्मदाबाई सवयीनं उठली आणि तशीच खाली बसली. "तूच चोळ, माय," ती म्हणाली. "बांधावर हाय." सुनेनं चोळला, रक्त थांबलं. थांबणारच होतं. नर्मदाबाई आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत बसली. लय वाईट वाटलं तिला.

मग उन्हाळा सरता सरता पुन्हा कातरणी आली. बांध सगळे वाळलेले, दगडीपाला हिरवा राहिला होता तो फक्त हापशाच्या सांडपाण्याकडेला. येडबा पायात दवाखान्यातून दिलेली जाडजूड चप्पल घालून पाटावर बसलेला, मेंढीची मान धरून. रामप्रसाद कातरत होता. एका तरण्या मेंढीनं हिसका दिला, कातर सरकली, बरगडीवर लांबलचक चीर पडली आणि रक्ताची धार लागली.

रामप्रसादनं आईकडं बघितलं. नर्मदाबाईनं मान फिरवली. "दैवशाला, जा गं, पाला आण."

"दैवशाला कामून?" येडबा म्हणाला. "तू जा की."

नर्मदाबाईला आधी कळलंच नाही की हा कुणाशी बोलायलाय. मग कळलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. इतके महिने तोंड शिवून बसलेला माणूस, आणि आता हुकूम सोडतोय!

"माझ्या हातात गुण न्हाई राहिला. तुमच्यासमोरच घालवलाय. इसरलाव का?"

येडबानं मेंढीच्या मानेवरची पकड घट्ट केली. तिच्याकडं काही बघितलं नाही.

"मेंढीनं कुठं तुजा व्हिडिओ बघितलाय?" तो म्हणाला. "जा. आण बिगीनं, रक्त चाललंय."

नर्मदाबाई हापशाकडं निघाली. हापशावर शेजारची कावेरी पाणी भरत होती. "काय मावशी, कातरणी चालूय का?" तिनं विचारलं. नर्मदाबाईनं ओ दिली नाही. तोंड मिटून वाकली, पाला तोडला, मुठीत धरून परत आली. चोळला, पिळला. मेंढीनं एकदा अंग झाडलं. रक्त थांबलं.

येडबा वाकून चीर बघत होता. "हाय गुण," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, रामप्रसादला ऐकू जाऊ नये असा, "पर नाव कुणाला सांगू नगंस."

"जळ्ळं मेलं तुमचं ते नाव!" नर्मदाबाई खेकसली. तिचे डोळे भरून आले होते आणि हात हिरवे, त्यामुळं पुसताही येईनात. "साऱ्या जिल्ह्याला ठाव झालंय. दुसरी मेंढी घ्या हिकडं, ऊन व्हायलंय."

येडबानं दुसरी मेंढी ओढली.